वर्गाचे ग्रंथालय

ग्रंथालय म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर एखादी भव्य वास्तू उभी राहते. उंच छत, भिंतींना लागून ओळीने उभी असलेली काचेची कपाटे, लांबलचक मेजे आणि ‘शांतता राखा’ अशी पाटी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. अशा जुन्या संस्थांनी मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या घडविल्या आहेत. परंतु मुलांनो, आज ज्या ग्रंथालयाविषयी मी तुम्हांला सांगणार आहे, त्याला ना इमारत आहे, ना पगारी ग्रंथपाल. ते तुमच्या वर्गाच्या एका कोपऱ्यात मावते. दोन-तीन हात लांबीची फळी, साठ-सत्तर पुस्तके, एक वही आणि काही उत्साही मुले, एवढ्या सामग्रीवर ते उभे राहू शकते.

इतक्या लहान ग्रंथालयाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचा सर्वांत मोठा गुण असा, की ते जवळ असते. गावच्या ग्रंथालयात जायचे तर वेळ काढावा लागतो आणि घरच्यांची परवानगी घ्यावी लागते. शाळेचे मोठे ग्रंथालय असले, तरी तेथे जाण्याची पाळी आठवड्यातून एकदाच येते. वर्गातील पुस्तक मात्र हाताच्या अंतरावर असते. गणित इतरांच्या आधी सुटले, डबा खाऊन झाला आणि घंटा व्हायला दहा मिनिटे उरली, बाहेर पाऊस कोसळू लागला आणि खेळाचा तास बुडाला, की हात आपोआप फळीकडे जातो. वाचनाची सवय बहुधा अशा दहा-दहा मिनिटांतूनच लागत असते.

पुस्तक वाचकाच्या जवळ नेले पाहिजे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. त्यांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. तथापि शाळेत शिकलेल्या मुलाला पुढे वाचायला काहीच मिळाले नाही, तर तो शिकलेले अक्षरसुद्धा विसरून जातो. तलवार म्यानात गंजते, तसाच हा प्रकार. म्हणून महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. वाचक ग्रंथालयाकडे जाऊ शकत नसेल, तर ग्रंथालयाने वाचकाच्या दारी जावे, अशी ती योजना होती. अलीकडचे उदाहरण द्यावयाचे तर सातारा जिल्ह्यातील भिलारचे देता येईल. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामध्ये वसलेले हे गाव पूर्वी स्ट्रॉबेरीच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध होते. ४ मे २०१७ रोजी तेथे ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले आणि गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांतील खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या.

आता थोडे तुमच्या फळीसंबंधी. पण त्याआधी एका थोर ग्रंथपालाचा परिचय करून घेतला पाहिजे. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे त्यांनी या कामालाच आपले सारे आयुष्य वाहिले. गणिती माणूस तो! हजारो पुस्तकांच्या कारभारामागे थोडेसेच नियम असले पाहिजेत, असे त्याला वाटणे स्वाभाविक होते. १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी असे पाच नियम सांगितले. पुस्तक हे वापरण्यासाठी असते, हा त्यातील पहिला. दुसऱ्याचा आशय असा, की ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्याजोगे पुस्तक मिळावे. आणि तिसरा त्याची उलट बाजू सांगतो, की तेथील प्रत्येक पुस्तकालाही कोणीतरी वाचक लाभावा. वाचकाचा वेळ व्यर्थ जाऊ नये, हा चौथा नियम. आणि ग्रंथालय सजीवाप्रमाणे सतत वाढत असते, हा पाचवा.

यातला पहिला नियम वाचून तुम्हांला हसू येईल. पुस्तक वापरण्यासाठी नाही तर काय पूजेसाठी असते? परंतु इतिहास निराळेच सांगतो. छपाईची कला येण्यापूर्वी एक-एक ग्रंथ हाताने लिहावा लागे आणि त्यास महिनेच्या महिने लागत. साहजिकच तो रत्नासारखा मोलाचा असे. युरोपातील अनेक मठांत आणि विद्यापीठांत ग्रंथ लोखंडी साखळ्यांनी फळीला जखडून ठेवीत. इंग्लंडमधील हेरफर्ड येथील चर्चमध्ये असे साखळदंडांनी बांधलेले ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. वाचणाऱ्याने तेथेच उभे राहावे किंवा बसावे आणि साखळी पुरेल तेवढ्याच अंतरावर ग्रंथ न्यावा!

साखळ्या गेल्या, परंतु कुलूप राहिले. शिक्षक म्हणून मी पुष्कळ शाळा पाहिल्या. त्यांपैकी एका शाळेतील पुस्तकांचे कपाट मला अजून आठवते. पुस्तके उत्तम होती आणि त्यांची वेष्टणे कोरी करकरीत होती. एक पुस्तक उघडून पाहिले, तर त्याची काही पाने कडेला जोडलेलीच राहिलेली. म्हणजे ते कोणी उघडलेच नव्हते. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती, ते गृहस्थ काही वाईट नव्हते. एखादे पुस्तक हरवले, तर त्याची किंमत आपल्या पगारातून भरावी लागेल, ही धास्ती त्यांना होती. ती खोटी म्हणता येत नाही. वर्गात ग्रंथालय थाटण्याची गोष्ट निघाली, की सर्वांत आधी हाच प्रश्न उभा राहतो. पुस्तके उघडी ठेवली तर फाटतील, हरवतील. कुलपात ठेवली तर वाचली जाणार नाहीत. या दोहोंतून वाट काढणे हेच वर्गाच्या ग्रंथालयाचे खरे काम आहे.

माझे मत विचाराल तर मी स्पष्ट सांगेन. वर्षाकाठी चार-दोन पुस्तके जाणार, हे आधीच धरून चालावे. शेतकरी पेरणी करताना पाखरांचा वाटा गृहीत धरतोच की नाही? मात्र पाखरांच्या भीतीने बी कणगीतच ठेवणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. मुख्याध्यापकांशी आणि वर्गशिक्षकांशी ही गोष्ट आरंभीच बोलून घ्यावी, म्हणजे पुढे कोणा एकावर ठपका येत नाही.

प्रथम पुस्तके किती हवीत, याचा हिशेब करू. वर्गात ४० मुले आहेत आणि पुस्तकेही ४० आहेत, असे समजा. प्रत्येकाने एक-एक पुस्तक घेतले, तर शेवटच्या मुलाच्या वाट्याला जे उरले असेल ते येईल. त्याला निवड अशी करताच येणार नाही. दुसरे दिवशी एखाद्याने पुस्तक परत केले, तर त्याच्यासमोर त्याचेच पुस्तक! म्हणून मुलांच्या संख्येच्या निदान दीडपट पुस्तके असावीत. ४० मुलांस ६०. मग सर्वांच्या हाती पुस्तक असतानाही फळीवर वीस पुस्तके निवडीसाठी शिल्लक राहतात.

ही साठ पुस्तके आणावयाची कोठून? काही शाळेच्या संग्रहातून उसनी मिळतील. काही थोड्या पैशांत विकत घेता येतील. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने ‘नेहरू बाल पुस्तकालय’ या मालेत अल्प किमतीची सचित्र पुस्तके काढली आहेत. ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक अनेक घरांत माळ्यावर पडून असतात. वाढदिवसाला गोळ्या वाटण्याऐवजी वर्गाला एक पुस्तक देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे, तीही चांगली. परंतु येथे एक सावधगिरी बाळगावी. ‘पुस्तके द्या’ असे घरोघर सांगितले, की जुनी मार्गदर्शके, मागील सालच्या प्रश्नपत्रिका आणि कोणाच्या तरी आजोबांच्या कचेरीचे अहवाल येऊन पडतात. देणाऱ्याचे आभार मानून ते घ्यावे. पण फळीवर ठेवू नये. हे पुस्तक मी स्वतः आपण होऊन उघडीन काय, एवढा एकच प्रश्न निवड करताना विचारावा. उत्तर नाही असे आले, तर त्याची जागा रद्दीत आहे. ग्रंथालय भरलेले दिसावे म्हणून निरुपयोगी पुस्तके ठेवली, तर चांगली पुस्तके त्यांच्या गर्दीत हरवून जातात.

निवडीत वैविध्य हवे. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ असावे, भा. रा. भागवतांचा खोडकर फास्टर फेणे असावा, विंदा करंदीकरांच्या बालकविता असाव्यात. पण केवळ गोष्टी आणि कविताच नकोत. पक्षी, तारे, यंत्रे, किल्ले, स्वयंपाक, क्रिकेट, कोडी, जादूचे प्रयोग यांवरची पुस्तकेही हवीत. ज्यांना भराभर वाचता येत नाही, अशा मित्रांसाठी मोठ्या अक्षरांची, थोड्या मजकुराची पुस्तके मुद्दाम ठेवावीत, आणि ती वेगळी काढून ‘सोपी’ अशी चिठ्ठी त्यांवर लावू नये. तसे केले, तर लाजेने कोणी त्यांना हात लावणार नाही. तुमच्या वर्गात कोणी घरी अहिराणी बोलत असेल, कोणी गोंडी, कोणी कोरकू. अशा भाषांतील छापील बालपुस्तके सहज मिळत नाहीत. तेव्हा ती तुम्हीच तयार करावीत. आजीने सांगितलेली गोष्ट तिच्याच बोलीत लिहून काढावी, शेजारी मराठी अर्थ द्यावा, चित्रे काढावीत आणि सुई-दोऱ्याने शिवून तिला पुठ्ठा घालावा. हस्तलिखिताची परंपरा आपल्या शाळांत जुनीच आहे. माझा अनुभव असा, की छापील पुस्तकांपेक्षा अशा हस्तलिखितांना मागणी अधिक येते, कारण त्यांचा लेखक शेजारच्या बाकावर बसलेला असतो.

पुस्तके जमली, की मांडणी. मोठ्या ग्रंथालयांत यासाठी शास्त्रशुद्ध वर्गीकरण असते. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सर्व ज्ञानाचे दहा विभाग पाडून प्रत्येकाला आकडे दिले. त्याच्या पद्धतीत विज्ञानाला ५००, त्यातील प्राण्यांना ५९० आणि प्राण्यांतील पक्ष्यांना ५९८ हा आकडा आहे. म्हणजे आकडा जसजसा बारीक होतो, तसतसा विषयही बारीक होत जातो. ही युक्ती ठाऊक असावी. एखाद्या मोठ्या ग्रंथालयात गेलात, तर उपयोगी पडेल. परंतु साठ पुस्तकांसाठी एवढा खटाटोप कशाला? रंगीत कागदाच्या पट्ट्या पुरेत. पुस्तक उभे ठेवले असता त्याची जी अरुंद बाजू दिसते, तिच्यावर खालच्या टोकाशी पट्टी चिकटवावी. गोष्टींना तांबडी, कवितेला पिवळी, विज्ञानाला हिरवी, चरित्रांना निळी. वाचलेले पुस्तक जागेवर ठेवणे मग पहिलीतल्या मुलालाही जमेल.

मात्र सगळीच पुस्तके उभी ठेवू नयेत. उभ्या पुस्तकाची पाठ दिसते, मुख दिसत नाही. भिंतीला दोन खिळ्यांमध्ये एक मजबूत सुतळी ताणावी आणि पाच-सहा पातळ पुस्तके मध्यभागी उघडून तिच्यावर पालथी टाकावीत. मुखपृष्ठांवरील चित्रे येता-जाता डोळ्यांत भरतात. दर सोमवारी ही पुस्तके बदलावीत. जे पुस्तक दोन महिने कोणी नेले नाही, त्याला या दोरीवर पहिला मान द्यावा. रंगनाथनांचा तिसरा नियम येथे कामी येतो. पुस्तक पडून राहिले, म्हणजे ते टाकाऊ आहे असे नव्हे. त्याची अद्याप कोणाशी ओळख झालेली नसते. अशा पुस्तकातील एखादे प्रकरण कोणीतरी वर्गात मोठ्याने वाचावे आणि नेमके रंगात आले असता थांबावे. पुढे काय झाले, हे कळण्यासाठी त्या दिवशी पुस्तकावर झुंबड उडते.

आता कारभाराकडे वळू. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक द्यावा. पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत आणि ते कोठून आले, हे त्यापुढे लिहावे. देवघेवीसाठी मात्र वहीपेक्षा चिठ्ठीची पद्धत सोयीची. पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून कागदाचा एक खिसा चिकटवावा आणि त्यात जाड कागदाची चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव व क्रमांक असतो. पुस्तक नेणाऱ्याने चिठ्ठी काढून तिच्यावर आपले नाव व तारीख लिहावी आणि ती चपलांच्या रिकाम्या खोक्यात टाकावी. पुस्तक परत आले, की नावावर रेघ मारून चिठ्ठी पुन्हा खिशात. खोक्यात जितक्या चिठ्ठ्या, तितकी पुस्तके बाहेर. यास वहीची पाने चाळावी लागत नाहीत. शिवाय चिठ्ठीवरील नावे पाहून आपल्याआधी हे पुस्तक कोणी वाचले, ते कळते, आणि त्याच्याशी त्याविषयी बोलता येते.

ग्रंथपालाचे काम दोन मुलांनी मिळून करावे आणि दर पंधरवड्याला जोडी बदलावी. नेहमी वर्गनायकच हे काम करू लागला, तर ग्रंथालय त्याचे होते. पाळीपाळीने सर्वांनी केले, तर सर्वांचे होते. ज्याने स्वतः चिठ्ठ्या मोजल्या आहेत, तो दुसऱ्याच्या पाळीत पुस्तक उशिरा आणताना कचरतो. उशीर झाला म्हणून दंड आकारू नये, असे मला वाटते. ज्याच्याजवळ दंडाला पैसे नाहीत, तो पुस्तक नेणेच बंद करतो, आणि त्यालाच तर पुस्तकाची गरज अधिक असते. पुस्तक हरवले तर काय? ज्याच्या हातून हरवले, त्याने आपण होऊन सांगावे. सर्वांनी एक दिवस शोधावे. न सापडल्यास त्या मुलाने एखादी गोष्ट सुवाच्य अक्षरात लिहून ग्रंथालयास द्यावी. नोंदवहीत हरवलेल्या पुस्तकापुढे तांबडी रेघ येते आणि खाली एका हस्तलिखिताची भर पडते.

वर्गात काही मुले अशी असतात, की त्यांना वाचनाचे वावडे आहे असे सर्वांनी ठरवून टाकलेले असते. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याचे वडील विहिरींवरील इंजिने दुरुस्त करीत. तो गोष्टीचे पुस्तक नेई आणि दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे परत आणी. एकदा यंत्रांची अंतर्रचना चित्रांनी दाखविणारे एक जाडजूड पुस्तक आले. ते त्याने नेले आणि तीन आठवडे परतच केले नाही. आणले तेव्हा त्याच्या कोपऱ्यांवर तेलाचे डाग होते, आणि पंपाच्या चित्रात एक भाग चुकीचा दाखविला आहे, ही तक्रार त्याच्या तोंडी होती. पुढे तो कथा-कादंबऱ्या वाचू लागला, असे मी सांगणार नाही. तो यंत्रांचीच पुस्तके वाचत राहिला.

पुस्तके वापरली, की ती जीर्ण होणारच. परंतु थोड्या काळजीने त्यांचे आयुष्य पुष्कळ वाढते. नवे कोरे पुस्तक एकदम मध्ये उघडून दाबू नये. त्याची शिवण तुटते. ते पाठीवर उभे धरावे, आधी दोन्ही पुठ्ठे खाली टेकवावेत, मग पुढून थोडी आणि मागून थोडी अशी पाने क्रमाक्रमाने दाबत मध्यापर्यंत यावे. फाटलेल्या पानाला चकचकीत चिकटपट्टी लावण्याचा मोह होतो, पण काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि तिचा डिंक कागद खराब करतो. पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी खळीने चिकटवावी. पुस्तके बांधणारे कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असल्यामुळे मुलांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. तुमच्यासाठी साधी मैद्याची ताजी खळ पुरे.

पुस्तकांचे वैरी तीन: ओल, वाळवी आणि कसर. कोकणात पावसाळ्याचे चार महिने पुस्तकांना फार कठीण जातात. फळी भिंतीला अगदी चिकटवू नये, मध्ये वीतभर जागा सोडावी, म्हणजे भिंतीची ओल पोचत नाही आणि वाळवीचा माग लगेच दिसतो. उघाड पडली, की पुस्तके सावलीत वारा लागेल अशी पसरावीत. कडक उन्हाने रंग उडतात. वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे पुस्तकांमागे ठेवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तथापि सर्वांत चांगला उपाय म्हणजे पुस्तक वारंवार उघडले जाणे. ज्याची पाने रोज उलटली जातात, त्यात कसरीला निवांतपणे संसार थाटता येत नाही. कुलपातील पुस्तके अधिक सुरक्षित असतात, हा समज येथेही खोटा ठरतो.

वार्षिक परीक्षेपूर्वी एक आठवडा देवघेव थांबवावी आणि सर्व पुस्तकांची मोजदाद करावी. नोंदवही एकाने वाचावी, दुसऱ्याने पुस्तक दाखवावे. कोणत्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर सर्वांत जास्त नावे आहेत, हेही त्याच वेळी पाहावे. ते पुस्तक बहुधा सर्वांत फाटके असते. त्याची दुसरी प्रत आणण्यासाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज करताना ती चिठ्ठीच सोबत जोडावी. जून महिन्यात तुम्ही पुढच्या इयत्तेत जाल आणि फळी मात्र तेथेच राहील. येणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक पुस्तकात एक कागद ठेवून, हे कोणाला आवडेल, ते दोन ओळींत लिहावे. नोंदवहीच्या शेवटी काही पाने कोरी सोडावीत आणि ती वही, खळीची वाटी व चिठ्ठ्यांचे खोके नव्या वर्गाच्या पहिल्या जोडीच्या स्वाधीन करावे.